मॉरिशसची हिरवळ नकाशावर अचानक घटते तेव्हा: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

मॉरिशसचं वनस्पती आच्छादन उपग्रह-चित्रांवरून मोजायला घेतलं की तीनपैकी एक तरी तक्रार येतेच. पहिली, २०२२ च्या सुरुवातीला अख्ख्या बेटाची हिरवळ एकदम कोसळते आणि परत वर येतच नाही. दुसरी, दर वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात शेकडो हेक्टर 'उजाड' होतात आणि पुढच्या मार्चपर्यंत परत हिरवे दिसतात. तिसरी, २०१६ पासून आजपर्यंत बेट हळूहळू हिरवंगार होत चाललंय असं आलेख सांगतो आणि त्याचं कारण कोणालाच सांगता येत नाही.

पहिली तक्रार जवळजवळ नेहमी आकडेमोडीची असते. दुसरी उसाची. तिसरीत दोन्हींची सरमिसळ असते आणि म्हणूनच ती सर्वांत चिवट. खाली तिन्हींचा छडा लावायचा क्रम दिला आहे. उदाहरणं युरोपच्या सेंटिनेल-२ आणि अमेरिकेच्या लँडसॅट या उपग्रहांची आहेत, कारण फुकट मिळणाऱ्या चित्रांत बहुतेक काम याच दोन मालिकांवर होतं. हिरवळीचा निर्देशांक म्हणून एनडीव्हीआय धरला आहे (१ च्या जितका जवळ तितकी दाट हिरवळ): निअर-इन्फ्रारेड या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या परावर्तनातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं.

आधी दोन मिनिटांची तपासणी: बेट केवढं येतंय?

हिरवळीचा हिशेब बाजूला ठेवा आणि नुसतं जमिनीचं एकूण क्षेत्रफळ काढा. मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे. तुमच्याकडे २,१०० च्या वर आकडा येत असेल, तर वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट मांडायच्या पद्धतीत) पिक्सेल मोजून त्यांना १०० चौरस मीटरने गुणलं आहे. विषुववृत्तापासून २० अंशांवर हे प्रक्षेपण क्षेत्रफळ साधारण १३ टक्क्यांनी फुगवतं. यूटीएम या दुसऱ्या प्रक्षेपणाचा ४० दक्षिण हा झोन घ्या, प्रश्न मिटतो. गुगलच्या अर्थ इंजिन या ऑनलाइन मंचावर काम करत असाल तर पिक्सेल मोजण्याऐवजी प्रत्येक पिक्सेलचं खरं क्षेत्रफळ देणारा थर वापरा. स्केलही स्वतः लिहा. ते 'जमेल तसं' ठरवायला सोडलं, तर प्रत्येक वेळी वेगळ्या जाडीचा पिक्सेल वापरला जाऊन उत्तर बदलत राहतं.

पडताळायला बाहेरचा आकडा शोधताना आणखी एक घोळ होतो. देशाचं क्षेत्रफळ म्हणून २,०४० चौरस किलोमीटर बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, पण त्यात रॉड्रिग्ज, अगालेगा वगैरे बेटंही धरलेली आहेत. आणि जुन्या सर्वेक्षण नकाशावरून जंगलाच्या सीमा उचलल्या असतील तर त्यांचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार, पाहा. ल पूस हा तिथला जुना स्थानिक डेटम आहे. तो जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४ समजून वापरला तर सीमा अनेकशे मीटर सरकते, आणि राखीव वनाचा तुकडा शेजारच्या उसात जाऊन बसतो.

२०२२ ची दरी

हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण मॉरिशसच्या बाबतीत त्याला एक फसवा योगायोग चिकटलेला आहे.

२५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने सेंटिनेल-२ च्या चित्रांची प्रक्रिया बदलली. ०४.०० या आवृत्तीपासून प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १,००० मिळवून तो साठवला जाऊ लागला. हेतू चांगला होता. खूप गडद पृष्ठभागांवर वातावरणाचा परिणाम वजा केल्यावर परावर्तन कधीकधी शून्याच्या खाली जातं, आणि आधीच्या पद्धतीत ते आकडे कापले जात. आता ते टिकतात. मात्र वापरणाऱ्याने परावर्तन काढताना आधी १,००० वजा करून मग १०,००० ने भागायचं असतं.

याच्या जेमतेम आठवडाभराने, २ फेब्रुवारी २०२२ ला, बत्सिराई हे चक्रीवादळ मॉरिशसच्या उत्तरेकडून गेलं आणि पुढे मादागास्करला धडकलं. त्यामुळे फेब्रुवारीच्या चित्रांत हिरवळ कोसळलेली दिसली की पाहणारा निर्धास्त होतो: वादळात पानं झडली, फांद्या मोडल्या, किनाऱ्यालगत खारं पाणी उडालं, झालं. कारण इतकं पटण्यासारखं असतं की पुढे कोणी तपासत नाही. अहवालातसुद्धा तसंच लिहिलं जातं.

आता आकडे घालून पाहा. दाट झाडीचा एक पिक्सेल घ्या, इन्फ्रारेड ३,५०० आणि लाल ४००. एनडीव्हीआय येतो ०.७९. दोन्हींत १,००० मिळवले तर वरची वजाबाकी तीच राहते, ३,१००. खालची बेरीज मात्र ३,९०० ची ५,९०० होते. उत्तर ०.५३. झाड जागेवर आहे, पान हललेलं नाही, आणि निर्देशांक एक तृतीयांश घसरला. मध्यम वाढीच्या उसाचं उदाहरण घेतलं, इन्फ्रारेड ३,००० आणि लाल ६००, तर ०.६७ चे ०.४३ होतात. तुम्ही 'हिरवळ' धरण्यासाठी ०.५ चा कटऑफ लावला असेल तर हा सगळा ऊस एका रात्रीत नकाशावरून गायब.

वादळ आणि करायची राहिलेली वजाबाकी वेगळी कशी ओळखायची? समुद्राकडे पाहा. प्रवाळ-भिंतीच्या बाहेरच्या खोल पाण्यात लाल ३०० आणि इन्फ्रारेड १०० धरला तर एनडीव्हीआय उणे ०.५ येतो. हजाराची भर पडल्यावर तोच उणे ०.०८ होतो. म्हणजे जंगल खाली येतं आणि समुद्र वर जातो. दोघेही शून्याकडे सरकतात. सिमेंटच्या छपरांचा आकडा मुळातच शून्याच्या जवळ असतो, तो जवळजवळ हलत नाही. कोणतंही वादळ समुद्राचा एनडीव्हीआय वाढवत नाही. वादळाचा खरा परिणाम ठिगळांसारखा दिसतो: वाऱ्याच्या तोंडावरचे डोंगरमाथे आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्या जास्त, आडोशाच्या घळी कमी. शिवाय तो काही महिन्यांत भरून येऊ लागतो.

उपाय तुम्ही चित्रं कुठून घेता त्यावर ठरतो. अर्थ इंजिनवर असाल तर सेंटिनेल-२ चा 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच घ्या; त्यात नव्या चित्रांतले हजार आधीच वजा करून सगळं जुन्या मापावर आणलेलं असतं. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाकडून थेट फाइली उतरवत असाल तर चित्राच्या तारखेवर विसंबू नका. जुन्या वर्षांची चित्रंही नव्या आवृत्तीने पुन्हा प्रक्रिया करून ठेवलेली आहेत, त्यामुळे २०१८ च्या फाइलीतही हजाराची भर असू शकते. फाइलीच्या नावात एन अक्षरानंतर चार आकडे असतात. ते ०४०० किंवा त्याहून मोठे असले की वजाबाकी करायची. अपवाद ९९९९, तिथे नुसत्या क्रमांकावरून ठरवू नका. मेटाडेटामध्येही (चित्रासोबतच्या माहिती-फाइलीत) ही भर स्पष्ट लिहिलेली असते, ती वाचून वजा करणारी स्क्रिप्ट सर्वांत भरवशाची.

वजाबाकी करतानाचे दोन खड्डे. मूळ आकडे चिन्हरहित १६ बिटांत असतात, म्हणजे उणे आकडा त्यांत मावत नाही. त्यातून थेट १,००० वजा केले तर ९५० चं उत्तर उणे ५० न येता ६५,४८६ येतं. गडद सावल्या आणि खोल पाणी यांत असे पिक्सेल भरपूर सापडतात, आणि मग नकाशावर दऱ्यांमध्ये चकाकणारे ठिपके उमटतात. आधी दशांश आकड्यांत रूपांतर, मग वजाबाकी. आणि शून्य म्हणजे 'माहिती नाही', ते वजाबाकीआधीच मास्क करा, म्हणजे हिशेबातून वगळा.

दुसरा खड्डा उलट्या बाजूचा: हार्मोनाइज्ड संच घेऊनही पुन्हा हजार वजा करणं. याची खूण लगेच कळते, कारण एनडीव्हीआय १ च्या वर जातो. वरच्याच झाडीच्या पिक्सेलला दुहेरी वजाबाकी लावली तर १.६३ येतो. १ च्या वरचे आकडे दिसले की बरेच जण ते १ वर छाटून पुढे जातात. तसं करू नका; तो आकडा तुम्हाला चूक कुठे आहे ते सांगतोय.

लँडसॅटवाल्यांनी इथे हसू नये. कलेक्शन-२ च्या पृष्ठभाग-परावर्तन चित्रांत आकड्याला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करायचे असतात. हे न करता कच्च्या आकड्यांवर एनडीव्हीआय काढला तर ०.७९ च्या जागी ०.३९ मिळतो. फरक एवढाच की तिथे सगळी वर्षं सारखीच चुकतात, म्हणून आलेखात दरी दिसत नाही आणि चूक वर्षानुवर्षं लपून राहते. 'मॉरिशसच्या जंगलाचा एनडीव्हीआय ०.४' असं वाचलंत तर ते जंगल विरळ आहे असा निष्कर्ष काढण्याआधी ही शंका घ्या.

ऑगस्ट ते नोव्हेंबर: ऊस

महाराष्ट्रात कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, म्हणून आपल्याकडे प्रशिक्षित झालेल्या माणसाच्या डोक्यात उसतोड म्हणजे थंडी असं पक्कं बसलेलं असतं. मॉरिशसमध्येही तोड थंडीतच सुरू होते, पण दक्षिण गोलार्धातल्या थंडीत: जूनच्या सुमारास सुरुवात, डिसेंबरपर्यंत शेवट. फ्लाक, पाम्प्लेमूस, सावान या जिल्ह्यांत एका चित्रात गर्द असलेला पट्टा पुढच्या चित्रात पाचटाच्या रंगाचा होतो. याच मळ्यांवर राबायला एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कोकणातली आणि देशावरची माणसं नेली गेली. तिथला मराठी समाज त्यांचाच वंश. त्यामुळे मॉरिशसच्या नकाशावर काम करणाऱ्या मराठी माणसाने ऊस विसरणं जरा विचित्रच.

उभ्या उसाचा एनडीव्हीआय ०.७ ते ०.८५ च्या घरात असतो. तोडीनंतर पाचट पसरलेलं असेल तर ०.२ ते ०.३, आणि खोडवा फुटून पुन्हा जमीन झाकायला तीन-चार महिने. दोन वर्षांच्या 'सप्टेंबर'ची तुलना केली आणि एका वर्षी तोड दोन आठवडे आधी झाली होती, तर हजारो हेक्टरांचा फरक नुसत्या वेळापत्रकातून निघतो. त्यात मे-जूनमध्ये उसाला तुरे येतात. पांढुरक्या तुऱ्यांमुळे निर्देशांक थोडा बसतो आणि कोणीतरी त्याला दुष्काळाचा ताण म्हणतं.

यावर ठराविक उपाय सांगतात तो म्हणजे वर्षातली कमाल किंमत घेणं. म्हणजे प्रत्येक पिक्सेलची वर्षभरातली सर्वांत हिरवी नोंद ठेवायची. तोडीचा प्रश्न त्याने सुटतो खरा, पण मला ही पद्धत एकटी वापरलेली आवडत नाही. जानेवारीत हिरवं असलेलं शेत मार्चमध्ये कायमचं बुजवून तिथे बांधकाम झालं, तरी त्या वर्षीची कमाल किंमत हिरवीच राहते. नुकसान एक वर्ष उशिरा दिसतं. वरून ढगांच्या बाबतीत तिचा वेगळाच त्रास आहे, तो पुढे येतोच.

त्यापेक्षा प्रत्येक पिक्सेलच्या वर्षभरातल्या दोन किंमती ठेवा, वरची आणि खालची; अगदी कमाल-किमान न घेता ९० वा आणि १० वा शतमक (ज्यांच्या खाली ९० आणि १० टक्के नोंदी येतात ते आकडे) घ्या. जंगलात वरची आणि खालची जवळजवळ असतात. उसात वरची उंच, खालची खोल. बांधकामात दोन्ही खाली. पश्चिमेकडच्या, फ्लिक-आं-फ्लाकच्या आसपासच्या कोरड्या गवताळ भागात खालची किंमत ऑक्टोबरच्या सुमारास येते, कारण तो तिथला सर्वांत कोरडा महिना. एवढ्या दोन आकड्यांवर बेटाचे चार मुख्य वर्ग बऱ्यापैकी सुटे होतात.

याच जोडीतून एक खरा बदलही पकडता येतो. युरोपीय संघाचा साखर करार ३० सप्टेंबर २००९ ला संपला आणि त्याच सुमारास साखरेची हमी किंमत टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवली गेली. त्यानंतर लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला, विशेषतः दगडधोंड्यांच्या आणि चढाच्या जमिनीवर. पडीक शेतावर झुडपं वाढतात, ती कोणी तोडत नाही. मग त्या पिक्सेलची खालची किंमत वर्षागणिक वर चढते. म्हणजे आलेखावर 'हिरवळ वाढली' असं दिसतं, आणि ते खोटं नसतं. पण ती वनीकरणाची खूण म्हणून मांडली तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. असे पिक्सेल वेगळा वर्ग करून दाखवा.

ढग आणि त्यांच्या सावल्या

आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मॉरिशसच्या मधल्या पठारावर चढतात आणि ढग तिथेच अडकतात. पठारावरच्या क्युरपिप शहरात पाऊस आणि त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावर कडक ऊन, हे तिथे रोजचं. चित्र-पातळीवर '२० टक्क्यांपेक्षा कमी ढग' अशी गाळणी लावली तर निवडलेल्या चित्रांतही उरलेले ढग नेमके पठारावर आणि ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या जंगली भागातल्या डोंगरावर असतात. म्हणजे जिथे जंगल आहे तिथेच माहिती सर्वांत कमी. गाळणी सैल करा, ७०-८० टक्क्यांपर्यंतची चित्रंही घ्या आणि ढग पिक्सेल-पिक्सेलने काढा.

सेंटिनेल-२ सोबत येणारा, प्रत्येक पिक्सेल ढग, सावली की पाणी ते सांगणारा दृश्य-वर्गीकरण थर सोयीचा आहे, पण उष्ण कटिबंधातल्या बेटावर त्याच्या दोन खोडी त्रास देतात. पांढरी वाळू आणि चकाकती छपरं तो ढग म्हणून काढून टाकतो, त्यामुळे किनाऱ्यालगतची वस्ती मोजणीतूनच निघून जाते आणि बेट आहे त्याहून हिरवं दिसतं. आणि पातळ ढगांच्या कडा तो सोडून देतो. तिथे लाल परावर्तन थोडं वाढलेलं असतं, एनडीव्हीआय ०.८ चा ०.५ होतो, आणि हाच पट्टा 'विरळ झालेलं जंगल' म्हणून मोजला जातो. क्लाउड स्कोअर प्लस हा, पिक्सेल किती स्वच्छ आहे याला ० ते १ गुण देणारा थर वापरता येत असेल तर तो घ्या. ०.६ च्या आसपास कटऑफ लावून सुरुवात करा आणि पठारावरची चार-पाच चित्रं डोळ्यांनी पाहून तो वरखाली करा. वर्गीकरण थरच वापरायचा असेल, तर ढगाच्या मास्कभोवती १००-१५० मीटरची कड वाढवा. थोडी चांगली माहिती वाया जाते, जाऊ द्या.

सावलीची दिशा हा आपल्याकडून नेलेल्या स्क्रिप्टचा खास घोटाळा. महाराष्ट्रात हिवाळ्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास सूर्य आग्नेयेला असतो आणि ढगाची सावली वायव्येला पडते. मॉरिशसमध्ये जूनमध्ये सूर्य ईशान्येला असतो आणि सावली नैर्ऋत्येला. डिसेंबर-जानेवारीत मात्र सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित दक्षिणेकडे सरकलेला असतो, तेव्हा दिशा पुन्हा बदलते. कोणीतरी दिशेचा आकडा स्क्रिप्टमध्ये कायमचा लिहून ठेवला असेल तर सावल्या तशाच राहतात आणि शेजारचं स्वच्छ जंगल मास्क होतं. प्रत्येक चित्राच्या मेटाडेटातला सूर्याचा दिगंश, म्हणजे त्याची दिशा, वाचा.

डोंगरांच्या सावल्याही यातच धरा. जूनमध्ये भर दुपारीसुद्धा तिथे सूर्य ४६ अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि उपग्रह तर सकाळी जातो. घळींच्या दक्षिण उतारांवर त्या महिन्यात जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. उंचीच्या नकाशावरून उताराची प्रकाशमात्रा काढून सर्वांत अंधारे पिक्सेल त्या महिन्यांपुरते वगळणं पुरेसं होतं; त्यासाठी मोठी दुरुस्ती-सूत्रं चालवण्याची गरज सहसा पडत नाही.

रडार चित्रं ढगांतून आरपार पाहतात, म्हणून 'सेंटिनेल-१ का नाही?' हा प्रश्न येतोच. वापरा, पण जोडीला. रडार हिरवेपणा मोजत नाही, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि ओल मोजतं. मॉरिशसच्या उभ्या कड्यांवर त्याची प्रतिमा वाकते. शिवाय डिसेंबर २०२१ मध्ये सेंटिनेल-१बी बंद पडला, त्यामुळे २०२२ च्या आसपास तिथेही चित्रांची संख्या बदलते. म्हणजे पुन्हा तेच वर्ष संशयित.

बेट हिरवं होतंय, की आपण जास्त वेळा पाहतोय?

तिसऱ्या तक्रारीचं सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. सेंटिनेल-२ए जून २०१५ मध्ये गेला, २बी मार्च २०१७ मध्ये. एकट्या उपग्रहाला तीच जागा पुन्हा पाहायला १० दिवस लागतात, दोघांना मिळून ५. म्हणजे २०१६ मध्ये पठारावरच्या एखाद्या पिक्सेलच्या वर्षभरात चार-पाच स्वच्छ नोंदी असतील तर २०१९ मध्ये दुप्पट. नोंदी वाढल्या की कमाल किंमत आपोआप वाढते, झाड वाढो वा न वाढो. कमाल किंमतीचं संमिश्र चित्र वापरणाऱ्यांना 'हरित मॉरिशस' दिसतं ते बरंचसं इथून.

याच काळात आणखी एक सांधा आहे. वातावरणाची दुरुस्ती केलेली एल२ए चित्रं संपूर्ण जगासाठी नियमित मिळू लागली ती डिसेंबर २०१८ पासून. त्याआधीची वर्षं भरून काढायला बरेच जण एल१सी म्हणजे वातावरणासकटची चित्रं घेतात. हवेतल्या विखुरण्यामुळे लाल बँड वाढलेला असतो, एनडीव्हीआय कमी येतो, आणि २०१९ ला पायरी चढते. दोन्ही प्रकार एका मालिकेत मिसळू नका. जुनी वर्षं हवीच असतील तर स्वतः वातावरण-दुरुस्ती करा किंवा सगळी मालिका ३० मीटरवर आणून नासाच्या एचएलएस संचावर काम करा. लँडसॅट आणि सेंटिनेल दोन्ही तिथे एका मापावर आणलेले आहेत, आणि बेटभरच्या आच्छादनासाठी ३० मीटर पुरतात.

प्रत्येक वर्षाच्या नकाशासोबत 'स्वच्छ नोंदींची संख्या' हा नकाशाही काढा. पाचपेक्षा कमी नोंदी असलेला पिक्सेल त्या वर्षी 'माहिती अपुरी' म्हणून राखाडी ठेवायचा. राखाडी भाग बघून मागणी करणारा नाराज होतो, आणि 'इथे काहीतरी भरा' म्हणतो. भरू नका. वर्षांची तुलना करायची तर प्रत्येक पिक्सेलसाठी सर्व वर्षांतून सारख्याच संख्येने नोंदी यादृच्छिक निवडून पुन्हा शतमक काढा. चढ तरीही शिल्लक राहिला तर तो खरा असण्याची शक्यता बरीच वाढते.

लँडसॅट-७ मिसळणाऱ्यांसाठी: ३१ मे २००३ ला त्याची रेषा-दुरुस्ती यंत्रणा बिघडली, तेव्हापासून प्रत्येक चित्राला तिरप्या काळ्या पट्ट्या आहेत. शिवाय त्याचा इन्फ्रारेड बँड लँडसॅट-८ पेक्षा रुंद आहे, त्यामुळे २०१३ च्या सांध्यावर निर्देशांक किंचित वर उडी घेतो. ती उडी जंगलाची नव्हे.

काठावरचे पिक्सेल

मॉरिशसला जवळजवळ सगळीकडून प्रवाळ-भिंत आहे आणि आत उथळ पाणी. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असताना पाण्यावरची चकाकी, तळाचं समुद्री गवत, तरंगतं शेवाळ यांनी किनाऱ्याचा पिक्सेल कधी जमीन होतो, कधी पाणी. एकदा किनारा ठरवा, तोच सर्व वर्षांना लावा आणि त्यातून आत एक-दोन पिक्सेल सोडा. खारफुटीचा अभ्यास असेल तर असं सोडता येत नाही, कारण तिथली खारफुटी म्हणजे काही ठिकाणी जेमतेम एक-दोन पिक्सेलची झालर. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ जहाज पॉइंत देस्नीजवळ अडकून ऑगस्टमध्ये तेल सांडलं, तेव्हा आग्नेय किनाऱ्याची खारफुटी एनडीव्हीआयने मोजायचे प्रयत्न भरपूर झाले. अशा झालरीत निम्मा पिक्सेल पाण्याचा असतो. त्यात सेंटिनेल-२ च्या चित्रांची भौगोलिक जागा २०२१ मध्ये सुधारली, त्याआधी चित्रं एकमेकांपासून पिक्सेलभर सरकलेली असू शकतात. चित्रं आपसांत जुळवल्याशिवाय अशा पट्टीतला बदल छापू नये.

जलाशयांनाही मास्क लावा, आणि तो भरलेल्या पातळीचा. मार ओ व्हाकोआ हा तिथला सर्वांत मोठा जलाशय. पाणी ओसरलं की उघड्या काठावर गवत उगवतं आणि दुष्काळाच्या वर्षी बेटाची हिरवळ वाढलेली दिसते.

आणि जिथे एनडीव्हीआय काहीच सांगत नाही

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये घोषित झालं. तिथला आलेख वर्षानुवर्षं ०.८ च्या वर सपाट असतो, आणि 'जंगल सुरक्षित' असं वाक्य लिहायचा मोह होतो. दोन अडचणी आहेत. दाट पानोऱ्यावर एनडीव्हीआय तृप्त होतो. पानं आणखी वाढली काय, थोडी घटली काय, आकडा हलत नाही. इथे सेंटिनेल-२ चे रेड-एज (लाल आणि इन्फ्रारेडच्या मधले) बँड वापरून काढलेला निर्देशांक जास्त संवेदनशील ठरतो. ईव्हीआय हा दुसरा हिरवळ-निर्देशांक वापरणार असाल तर वरची हजाराची वजाबाकी दुप्पट काळजीने करा, कारण त्याच्या सूत्रातला १ हा खऱ्या परावर्तनाच्या मापात धरलेला आहे.

दुसरी अडचण मोठी आहे. बेटावर चांगल्या स्थितीतलं मूळचं जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय, आणि उद्यानाच्या आतसुद्धा चिनी पेरूच्या आणि प्रिव्हेटच्या परदेशी झुडपांनी तळ गच्च भरला आहे. त्यांची पानं वर्षभर हिरवीगार असतात. मूळचं आबनूस मरून त्याची जागा पेरूने घेतली तरी निर्देशांक जागचा हलत नाही.

याचं उलटं टोक अधिक गोंधळाचं. ब्रीझ-फेरसारख्या ठिकाणी कुंपण घालून ही झुडपं उपटून काढली जातात, म्हणजे मूळच्या रोपांना जागा मिळावी. तळ मोकळा झाला की निर्देशांक काही काळ खाली बसतो. नकाशावर तो चौकोनी तुकडा लाल होतो, आणि सर्वांत चांगलं संवर्धन जिथे चाललंय तीच जागा 'वनहानी'च्या यादीत वर येते. चौकोनी, सरळ कडांची आणि उद्यानाच्या मधोमध दिसणारी घट सापडली की तिला हानी म्हणण्याआधी झुडपं काढलेल्या तुकड्यांच्या सीमा आणि काम झालेली वर्षं तिथल्या वनखात्याकडून मागवा. त्या सीमा वेगळा थर म्हणून ठेवा, आणि बेटाची एकूण बेरीज करताना ते तुकडे हानीच्या रकान्यात घेऊ नका.